पद्मजाताईंचं मौन

मी अपूर्वाचा मोबाइल बोलतोय. तिच्या आईनं, पद्मजाताईंनी, बोललेला नवस मला आजही आठवतो. देवघरासमोर हात जोडून त्या म्हणाल्या होत्या, "महादेवा, पोरीला नोकरी लागेपर्यंत दर सोमवारी नैवेद्य होईस्तोवर मी मौन पाळीन."

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. नर्मदाकाठच्या आमच्या शहरात, सदर बाजारातल्या दुकानातून मी गढा मोहल्ल्यातल्या या घरी आलो आणि ताईंनी आधी मला कुंकू लावलं. ते अजून माझ्या कडेच्या फटीत आहे.

अपूर्वा अर्ज करी, मग फोनवर मुलाखत होई. पोर हुशार, पण घाबरट. पलीकडचा प्रश्न अर्धाच झालेला असे, तोवर हिचं "जी सर, जी सर" सुरू. दोन ठिकाणांहून नकार आला.

"त्यांनी काय विचारलं, ते तरी ऐकलं का तू?" बाबा म्हणाले.

"गप्प राहिले तर त्यांना वाटेल, हिला काही येतच नाही."

तिसरी मुलाखत नागपूरच्या एका शाळेच्या कार्यालयातली, नेमकी सोमवारी सकाळी. "आई, आजच काहून गं? मला धीर कोण देईल?" अपूर्वा रडवेली झाली. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग कुकर उतरवला, खडखडणारा पंखा बंद केला, पाण्याचा पेला भरून ठेवला.

इतक्यात शेजारच्या शर्मिलाताई दारात. "वहिनी, काय करून राहिल्या?"

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अच्छा, आज सोमवार. चलो, मग मीच बोलते." त्या बसणारच होत्या, पण ताईंनी हात जोडून त्यांना दारातूनच परत पाठवलं.

मी वाजलो. अपूर्वानं स्पीकर लावला, ताई लेकीसमोर बसल्या. पलीकडच्या बाई विचारू लागल्या, अपूर्वाचे ओठ हलले, तसा ताईंनी तळहात हलकेच वर केला. थांब. प्रश्न संपल्यावरच हात खाली आला. मग अपूर्वा सावकाश बोलली. पुढच्या प्रश्नांनाही तसंच.

"पगाराचा हिशेब कॉम्प्युटरवर केलाय कधी?"

तिनं आईकडे पाहिलं. आई नुसती मायेनं पाहत राहिली.

"नाही मॅडम, ते मला येत नाही. पण शिकेन."

बाई काही बोलल्या नाहीत. अपूर्वानंही ती शांतता भरून काढली नाही. मी ती जपून दोघींकडे पोचवली.

गुरुवारी त्याच बाईंचा फोन आला. "काय म्हणून राहिल्या?" बाबा कुजबुजले. अपूर्वानं त्यांना हातानंच थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून येऊ, मॅडम?" ताई पदरानं डोळे पुसत देवघराकडे गेल्या. नंतर ग्वारीघाटावर नर्मदामाईत दिवा सोडून त्यांनी नवसाची सांगता केली.

अपूर्वा आता नागपूरला असते. तिच्याकडे नवा फोन आहे. माझी काच तडकलीय, बॅटरीही लवकर उतरते. मी ताईंकडे राहिलो, सकाळी भजनं ऐकवतो.

तुमच्या घरी कुणाची अशी मुलाखत असेल, तर एवढं करा. कामं बाजूला ठेवा, लेकराला दिसाल असे समोर बसा, आणि मनात देवाचं नाव घेत तेवढा वेळ गप्प राहा.