शिंपलीतलं लाल दूध

दर रविवारी सकाळी तुळिंजच्या आमच्या इमारतीखाली चपलांचा ढीग पडायचा. तळमजल्याच्या हॉलमध्ये शत्रुघ्नबुवा बसत. समोर तान्ही बाळं घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे सासवा. बुवा दोन्ही बाजूंच्या दोन टोपल्यांपैकी एकीतून पांढरी शिंपली उचलत, तिच्यात हळदीची चिमूट टाकत आणि आईला वाटीत काढून आणलेल्या दुधाचे चार थेंब सोडायला सांगत. बहुतेकींचं दूध पिवळं राही. एखादीचं बघता बघता लाल होई.

“बाधलंय,” बुवा डोळे मिटून सांगत. “नजर दुधातूनच पोटात जाते, माउली. शुद्ध होईपर्यंत पाजायचं नाही. हे तीर्थ द्यायचं, मधाचं बोट लावून.”

पुढे तीर्थावर भागेनासं झालं की बुवांकडे विकत ‘प्रसाद’ मिळे. प्रसाद म्हणजे लेबल खरवडलेला दूधपावडरचा महागडा डबा; पुरवायला बायका तो पातळ करून पाजत.

शेजारच्या रंभावहिनींची सून संजना. तिचं दूध लाल झालं तेव्हा तिची मुलगी दीड महिन्याची होती.

हळदीला चुना लागला की लाल रंग येतो, हे शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना मी कधीतरी वाचलं होतं. घरी बशीत करून पाहिलं. लाल झालं. तरी वाटलं, आपलंच चुकत असेल. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तीन रविवार मी जिन्यातून परत वर आलो. भिंतीपलीकडचं रडणं आधी वाढलं, मग बारीक होत गेलं.

एकदा संजना जिन्यात भेटली. “काका, आता दूध येतच नाही फारसं. बुवा म्हणालेच होते, आटेल.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“आई नको म्हणतात.”

मुलीचे गाल बसले होते. चौथ्या रविवारी मी खाली उतरलो.

दूध शुद्ध झालं का ते पाहायला संजनाचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. बुवांनी डाव्या टोपलीतली शिंपली घेतली, हळद टाकली.

“थांबा,” मी म्हणालो. “या शिंपलीत आधी तुमचं तीर्थ घाला.”

बुवा हसले. “आजोबा, तुम्ही कधी पाजलंय का कुणाला?”

हॉल खिदळला. मी तीर्थाची बाटली उचलली, पण झाकण निघेना. रंभावहिनींनी नातीच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं, बाटली माझ्याकडून काढून घेतली आणि तीर्थ स्वतः ओतलं.

तीर्थ लालभडक झालं.

“ह्या पान्याला पन नजर लागली का, बुवा?” वहिनींनी विचारलं.

“म्हाताऱ्याची सावली पडली.”

“सावली तिकडं हाय. शिंपली तुमच्या हातात हाय.”

मी डाव्या टोपलीतल्या दुसऱ्या शिंपलीत बोट घासलं. बोटाला पांढरी पूड लागली. वाळलेला चुना. पांढऱ्या शिंपलीत तो कुणाला दिसणार? उजव्या टोपलीतल्या शिंपल्या कोऱ्या होत्या. पहिलटकरीण, थकलेली, बाळ सारखं रडतंय म्हणून घाबरलेली आई दिसली की बुवांचा हात डावीकडे जाई.

आम्ही पोलिसांना बोलावलं. मुलीला घेऊन वहिनी आणि संजना त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. बुवांची दुसरी लबाडी डॉक्टरांनी सांगितली, आणि ती चुन्याहून नीच होती. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. पाजणं थांबवलं की दूध आटतंच. बुवांचं भाकीत खरं करायला आईच राबत होती. पहिले सहा महिने आईच्या दुधावर वरचं पाणीसुद्धा लागत नाही, मग तीर्थ कशाला? आणि एवढ्या लहान बाळाला मध देणं धोक्याचं.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली संजनाने मुलीला पुन्हा पुन्हा अंगावर घेतलं. दूध परत यायला तीन आठवडे लागले. मी गप्प होतो तेवढेच.

दूध न पाजणाऱ्या आईला कुणी दोष देऊ नये. तिला कोणी घाबरवलं, ते आधी विचारावं. आणि शंका आली तर माझ्यासारखं जिन्यात उभं राहू नका. तुमचं चुकलं तर लोक हसतील, एवढंच. तेवढ्या वेळात एखादं बाळ उपाशी असतं.