न पाहिलेल्या कामावरची सही

शटरला हात लावायच्या आधी हेमालीने पायात रबरी चप्पल सरकवली आणि शिवदास राऊतांच्या घशात चहा अडकला. लेक नारळाच्या वाडीत अनवाणी वाढलेली. आता चार पावलांवरच्या गॅरेजसाठी चप्पल?

"शटर हाताला मुंग्या देतं का गं?"

"काय न्हाय अण्णा. लादी गार लागते."

वैशाखात लादी गार! चाळीस वर्षं विजेची ठेकेदारी केलेल्या माणसाला थाप मारायची तर निदान ऋतू बघून मारावी. संशय हा शिवदासांचा जुना रोग होता. बायको काशी म्हणायची, या माणसाला देवळातल्या समईतही करंट दिसतो.

जावई निकेत मुरुडला शाळेत मास्तर. पर्यटकांना भाड्याने द्यायला त्याने दोन विजेच्या स्कूटर घेतल्या होत्या आणि त्या चार्ज करायला घरामागच्या गॅरेजात वायरिंग झालं होतं. कुणी केलं, हे मात्र तीनदा विचारूनही शिवदासांना कळलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला आपला जुना बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलवर तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थवर ढिम्म, म्हणजे अर्थिंग जमिनीला नीट लागलेलंच नव्हतं. मग मेन बंद करून ते हिरव्या वायरीच्या मागे मागे गेले. ती शटरच्या लोखंडी चौकटीला पिळून बांधली होती.

"निकेतराव, ही अर्थिंग?"

"चौकट जमिनीत गेलेली हाय ना, अण्णा. व्हिडिओ बघून मीच केलं."

"आणि करंट गळाला की पडून वीज तोडणारा ब्रेकर?"

"सारखा पडायचा. काढून टाकला."

म्हणजे स्कूटरमधून गळणारा करंट थेट शटरवर, आणि शटरवर रोज त्यांच्या लेकीचा हात.

"दिवा बदला, पंखा बदला, बटण बदला. नवी लाइन घरमालकानं ओढायची न्हाय, कायदाच हाय तसा. लायसनवाल्यानं करायची, तपासायची, रिपोर्टवर सही द्यायची. वीज कंपनीनं तुम्हाला वाढीव भार मंजूर केला कसा?"

"रिपोर्ट जोडला होता." निकेतने हेमालीकडे पाहिलं. हेमालीने जमिनीकडे.

यात काहीतरी काळंबेरं आहे, हे शिवदासांनी ताडलं. खोटी सही, दुसरं काय!

"आणा तो कागद. काम न बघता सही करणाऱ्याचं लायसन मी स्वतः जाऊन रद्द करवतो. असल्या माणसाला गावात उभं करू नये."

"अण्णा, राहू दे ना," हेमाली म्हणाली.

"आण म्हणतो ना!"

कागद आला. सही ओळखीची होती, शिक्काही. खोटं त्यात काहीच नव्हतं. खाली शिवदास राऊत असं स्वच्छ लिहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी बाजारातल्या विनेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पन्नास कोरे फॉर्म सही-शिक्का करून ठेवले होते. आपल्यावाचून गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून. या धंद्यातले बरेच जण ठेवतात. परत मागायचे मात्र राहूनच गेले.

"तुमची सही बघितली," हेमाली हळूच म्हणाली, "म्हटलं, मग भ्यायचं कशाला."

शिवदासांना लेकीच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी मेनचा फ्यूज काढून खिशात घातला आणि पहार मागितली. दुखऱ्या गुडघ्याने दुपारपर्यंत खड्डा खणला, प्लेट पुरली, हिरवी वायर शटरवरून सोडवून तिला जोडली, वर कोळसा आणि मीठ भरलं, नवा ब्रेकर बसवला. निकेत न सांगता पाण्याच्या बादल्या आणून ओतत होता. संध्याकाळी फ्यूज परत बसवून ब्रेकरच्या अलीकडून तपासलं, तेव्हा फेज आणि अर्थवर बल्ब लख्ख पेटला.

तिथून ते तडक विनेशच्या दुकानात गेले. खणात सात फॉर्म उरले होते. ते त्यांनी तिथेच फाडले आणि विनेशकडून, लेकीचं घर सोडून, बाकी बेचाळीस घरांची नावं वहीत उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पिशवीत बल्ब घेऊन, त्यांनी पहिल्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडाआधी त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. पायात रबरी चप्पल होती.