बनातली पहिली फांदी

पंडित मास्तरांना आपल्या धिटाईचा भारी अभिमान होता. आयुष्यात एकच गोष्ट नावाजण्यासारखी हातून घडली की माणूस ती किती वेळा सांगतो, हे त्यांच्याकडे पाहून कळत असे. ती गोष्ट म्हणजे सटवाईच्या बनात शिरून त्यांनी सगळ्यांदेखत तोडलेली फांदी.

केजपासून कोसभर, डोंगराच्या उतारावर हे बन होतं. लिंब, उंबर, जांभळी, आणि मधोमध शेंदूर फासलेली सटवाई. तिथली वाळकी काडीही कुणी चुलीला लावत नसे. काठावर वहाणा काढायच्या, शेळी आत घुसली तर हात जोडून तिला बाहेर काढायचं, अशी रीत. झाडाला हात लावील त्याला नाहीतर त्याच्या लेकराला सटवाई उचलते, असा धाक. बनाच्या पायथ्याशी एक झरा होता. गावच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू देत नसत, त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी काय ते एवढंच.

ख्रिस्ती मिशननं मास्तरांना या वस्तीवर धाडलं, तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही. शाळेत पोरं येईनात, प्रार्थनेला माणसं बसेनात. शेवटी इरेला पेटून एका रविवारी मास्तर वहाणांसकट बनात शिरले आणि कुऱ्हाडीनं लिंबाची जाडजूड फांदी तोडून बाहेर आले.

"दगडात देव नाही आणि झाडातही नाही," ते ओरडले. "बघा, मला काय होतंय ते!"

वस्ती त्यांच्या मरणाची वाट बघत बसली. मास्तरांना साधं पडसंही झालं नाही. मग आधी भामाबाई पुढं आली. मागून तिचा लेक सटवा आला. सटवाईला नवस बोलून झालेला, म्हणून सटवा. त्यांच्यापाठी सगळी वस्ती आली आणि त्याच झऱ्याच्या पाण्यानं त्यांचे बाप्तिस्मे झाले. मास्तरांनी त्या फांदीचा क्रूस करून प्रार्थनेच्या खोपटात लावला. पाहुणा कुणीही येवो, त्याला आधी तो क्रूस दाखवायचा आणि मग पाणी विचारायचं!

पुढं एका साली पाऊस रुसला. ज्वारी पोटऱ्यात येण्याआधीच करपली. त्याच हिवाळ्यात मोहनराव नावाच्या गुत्तेदारानं कोळशाच्या भट्ट्यांसाठी पाटलाकडून बन विकत घेतलं. कागद झाला, पण कुऱ्हाड चालवायला माणूस मिळेना. गावातल्यांनी कानावर हात ठेवले. मांजरसुंब्याकडून आणलेली टोळी शेंदूर पाहताच आल्या पावली परतली. मोहनराव मोठा बेरकी माणूस. तो सरळ वस्तीवर आला.

"तुमाला कशाचं भ्याव?" तो सटव्याला म्हणाला. "तुमी तर किरिस्ताव. रोज संध्याकाळी ज्वारी मापून देतो."

हे कानावर आलं तसे मास्तर धावतच सटव्याच्या खोपटापाशी गेले. सटवा उंबऱ्यात बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. भामाबाई शेजारीच पाय पसरून बसली होती. आत सटव्याची पोटुशी बायको रिकामं सूप घेऊन बसलेली दिसत होती.

"सटवा, बनाला हात लावू नको."

"कावून? सटवाई कोपंल?" सटवा हसला.

"तसं नाही रे. ती झाडं देवानं केलेली आहेत. आपल्याला त्यानं राखणीला ठेवलंय, लुटायला नाही."

सटव्याचा हात थांबला. "हे आज सांगता व्हय? इतकी सालं झाली, देव झाडात न्हाई येवढंच सांगत आलात. झाड देवाचं हाय, हे कवा बोललात?"

मास्तर आठवू लागले. खोटं, चोरी, दारू, नवस, सगळ्यांवर त्यांनी उपदेश केला होता. झाडापाण्यावर एक अक्षर नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली की चढतो तसा आवाज चढला.

"मग आता सांगतो! धर्माची आण आहे तुला!"

"मास्तर," सटवा उठत म्हणाला, "पयली फांदी तुमीच तोडली. ती परार्थनेच्या खोपटात टांगलीया अन् तिच्याम्होरं आमाला गुडघे टेकाया लावता. माजी बायकू उपाशी हाय. तिला काय घालू?"

मास्तरांच्या मडक्यात मिशनकडून आलेलं थोडं धान्य होतं. ते सगळं देऊन टाकावं, बनाच्या काठावर जाऊन आडवं पडावं, असं मनात आलं. पण मडकं आठवलं, आपलं पोट आठवलं, आणि ते उंबऱ्यापासून मागे सरले.

"भ्या गेलं ते ब्येस झालं, मास्तर," भामाबाई खाली बघत म्हणाली. "पर त्येच्या जागी तुमी काय ठिवलं?"

दुसऱ्या दिवशीपासून कुऱ्हाडी चालू लागल्या. मास्तर शाळेत पाढे घेत राहिले. झाड कोसळलं की पोरं पाढा विसरत आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. भट्ट्यांचा धूर वस्तीवर उतरला. घरोघर भाकरी थापल्या जाऊ लागल्या, हेही खरं. बन संपलं तशी ज्वारीही संपली आणि मोहनराव भट्ट्या हलवून दिंद्रुडकडे निघून गेला. उतारावर नुसती खुंटं उरली. माळावरचं ऊन थेट झऱ्यावर येऊ लागलं. पुढं वळवाच्या दोन सरी आल्या त्याही उतारावरची माती घेऊन. त्या गाळानं झरा बुजला. माणसांनी उकरून पाहिलं, तर ओली मातीसुद्धा लागली नाही.

सटव्याला मुलगा झाला तो अशा दिवसांत. पोर जन्मतःच काटकुळं आणि आईला दूध नाही. सटवाईनं हिशेब चुकता केला, असं गाव उघड बोलू लागलं. मास्तरांना ते खोडून काढता आलं असतं, पण झाडं गेली म्हणून झरा बुजला आणि पहिली फांदी आपणच तोडली, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

एका सकाळी सटवा दारात आला. त्याला नजर वर करवत नव्हती. "पोरगं ऱ्हात न्हाई वाटतं, मास्तर. पाद्री सायेब कवा येनार? तुमीच बाप्तिस्मा द्या."

अडल्या वेळी बाप्तिस्मा देण्याची मुभा मास्तरांना होती. ते प्रार्थनेच्या खोपटात गेले. क्रूसाखाली पोर चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं. पाणी नव्हतं. भामाबाई पहाटेच नदीकडे गेली होती. वाळूत झिरा उकरून ती उन्हं वर आल्यावर परतली, तेव्हा तिच्या तांब्यात बुडापुरतं गढूळ पाणी होतं.

"जपून वापरा," ती म्हणाली. "उरलं तर सुनंला पायजे."

मास्तरांनी दोन बोटं बुडवली आणि पोराच्या कपाळावर टेकवली. पित्याचं नाव घेतलं. पुत्राचं घेतलं. ओलावा नाकावरून ओघळून ओठांवर आला, तसं पोरानं डोळे न उघडताच मान वळवली, मास्तरांचं ओलं बोट तोंडात धरलं आणि असेल नसेल त्या ताकदीनं ते चोखू लागलं.

पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. बोट सोडवून घ्यायचं त्यांना धैर्य होईना. थोड्या वेळानं पोराचं चोखणं आपसूक थांबलं, मग श्वासही.