आपोंडीचा बंद फोन

पेट्रोलचा टँकर वळणावर कलंडला, रस्त्याकडेचा चर भरून वाहायला लागला आणि अख्खं गाव पिवळे कॅन घेऊन धावलं. फुकटचं म्हटल्यावर माणसाला वाससुद्धा येत नाही!

अग्निशमनाची गाडी वारा येत होता त्या बाजूला, बरीच लांब थांबली. पथकाचा प्रमुख किप्रोनो भोंग्यावर ओरडून दमला, पण ऐकतंय कोण? मागच्या वेळी गणवेशवाल्यांनी लोकांना हाकललं आणि पेट्रोल स्वतःच भरून नेलं होतं.

शेवटी तो मासे तळणाऱ्या आपोंडीकडे आला.

"ताई, तुमचा आवाज बाजारभर जातो म्हणे. सगळ्यांच्या चुली विझवा, फोन बंद करायला लावा आणि यांना हाकला. एक ठिणगी पुरे आहे."

आपोंडीने आधी स्वतःचा फोन बंद केला. तिचा नवरा ओमोल्लो भाड्याची मोटारसायकल चालवायचा. दर फेरीनंतर फोन करून 'जेवलीस का?' विचारायची त्याला खोडच होती. "आता बस बोंबलत," ती हसून म्हणाली.

मग तिने कढई उतरवून निखाऱ्यांवर माती लोटली, शेजारणींच्या चुलीही विझवल्या आणि चराच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"ए आकेयो, मेल्यावर काय थडग्यात ओतू ते पेट्रोल? नीघ बाहेर!"

"वहिनी, हा एवढा एकच कॅन..."

"कॅन गेला खड्ड्यात! तुझी पोरं मी सांभाळू?"

शिव्या देत का होईना, बायका वर आल्या. त्यांच्यामागून पुरुषही आले आणि आपोंडीने सगळ्यांना चरापासून लांब नेलं. पथकाने चरावर फेसाचा थर पसरायला सुरुवात केली.

तेवढ्यात पलीकडच्या उसातून मोटारसायकलचा आवाज आला. त्या पायवाटेवर कुणाचाच पहारा नव्हता. ओमोल्लो मान उंच करून तिलाच शोधत होता.

"इंजिन बंद कर! अरे, बंद कर ना!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. ती दिसली तसा तो हसला, त्याने हात वर केला आणि गाडी सरळ तिच्याकडे घातली. त्या टोकाला फेस अजून पोचला नव्हता. भडका उडाला.

त्याला माती दिल्यावर आपोंडीने फोन सुरू केला. ओमोल्लोने नऊ वेळा फोन लावला होता. खाली त्याचा निरोप होता : 'लागत का नाही तुझा? जीव थाऱ्यावर नाही माझा. येतोय.'

दारात किप्रोनो टोपी हातात घेऊन उभा होता. "ताई, तुमच्यामुळे दोनशे माणसं वाचली."

"बरं झालं हो," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "पण बंद करायच्या आधी त्याला एक फोन करायला हवा होता मी. 'बरी आहे, येऊ नकोस', एवढंच सांगायचं होतं."