सात रुपयं, अंगुळ धरून

मी एक जुना तांब्याचा बंब हाय, मित्रांनो. साताऱ्यात तांबटानं मला ठोकून घडवला, तवापासनं पोटात इस्तू आन् भवती पानी. असल्या माझ्यावर एकदा पैज लागली. लावली आमच्या शेजारच्या नाथाजीनं.

"अंबूवहिनीनं ह्या उन्हाळ्यात एकदा तरी पावन्याला दर सांगून पैसं घेतलं, आन् ते घरात ऱ्हायलं, तर ह्या बंबाच्या कढत पान्यानं मी पारावर अंगुळ करीन. भर दुपारी. फेटा न काढता!"

"न्हाई ऱ्हायलं, तर तुमची म्हस मी म्हैनाभर धुईन," समोरची सुलाबाई म्हनली.

आमचं गाव मेढ्याच्या वर, महाबळेश्वरच्या वाटंला. वर हाटेलात जागा घावली न्हाई की पावनं आमच्या अंबूबाईकडं यायचं. तिचं मालक मिल्ट्रीत. पिठलं, नाचनीची भाकरी, सतरंजी आन् माझं पानी, एवढ्यावर तिचा धंदा. धंदा कसला डोंबलाचा! पावन्यानं "किती झालं?" म्हनलं की ही म्हनायची, "आवं, जेवनाचं कुठं पैसं घेत्यात?" कनगीतलं तांदूळ सरत आलं. "ह्या उन्हाळ्यात जमलं न्हाई तर बंब मोडीत घालीन आन् पावनं बंद," असं ती बोलली, तवा माझ्या पोटातला इस्तूच इझला.

त्याच उन्हाळ्यात महिला मंडळानं बायकांसाठनं आठ दिसांचा वर्ग भरवला. शिकवाय आल्या त्रिशलाबाई. सांगलीत त्यांची खानावळ. त्या म्हनल्या, "पाहुण्यानं चपला काढायच्या आधी दर सांगायचा. आकडा सांगितला की तोंड मिटायचं. पुढचं त्याला बोलू द्यायचं."

सराव कुनाम्होरं करायचा? माझ्याम्होरं! रोज पहाटं काटक्या सारत अंबूबाई म्हनायची, "सात रुपयं. जेवन, अंगुळ धरून." मी मुद्दाम सुंऽऽ करायचो. "म्हागलं व्हय रं?" ती इचारायची. मी पुन्ना सुंऽऽ. लय खोडील व्हतो.

मग पुन्याचं एक जोडपं आलं. अंबूबाईनं दर सांगितला, तोंड मिटलं, नोटा घेतल्या. सुलाबाई नाचायचीच बाकी व्हती. पर निघताना पावनीची वटी भराय घेतली, आन् नारळावर त्याच नोटा ठिवल्या! सवाष्नीला वटीत काय कमी घालायचं? कुंपनापल्याड नाथाजी हसून हसून खाली बसला.

अंबूबाई रडत वर्गात गेली. त्रिशलाबाई हसल्या न्हाईत. "ओटी भरा की, तांदळानं भरा. माझ्याकडं जेवणारा पण मला भावासारखाच. पण चूल बंद पडली, तर तो भाऊ उद्या जेवंल कुठं?"

त्यानंतर आटपाडीचं मास्तर आन् त्यांची बायकू आली. अंबूबाईनं दारातच दर सांगितला. दुष्काळी भागातली मानसं, माझं पानी बघून बाईचं डोळंच भरलं. तीन बादल्या घेतल्या. निघताना अंबूबाईनं मूठभर तांदळानं वटी भरली. नोटा मातूर कनवटीला.

त्याला आता पाच वरसं झाली. अंबूबाईनं दोन खोल्या वाढवल्या, भिंतीवर गिझर आला. मी गोठ्यात, पोटात कोंबडी अंडी घालती. अंबूबाई दर आता हसत सांगती, सरावाला कुनी लागत न्हाई. बरंच हाय की! तरी पहाट झाली, पाऊल वाजलं, की वाटतं, आता वाकंल, इचारंल, "म्हागलं व्हय रं?" पाऊल म्होरं जातं. मित्रांनो, तुमच्या घरी जुनं भांडं असंल, तर जाता-येता एक हात फिरवा त्याच्यावर. चिंच लावली तर लयच ग्वाड.

मास्तर आन् त्यांची बायकू वाटंला लागली, त्या दुपारचं आठवूनच मी दिस काढतो. नाथाजी पैज हरला, आन् मला चौघांनी उचलून पारावर नेलं. सारं गाव गोळा. नाथाजी चपला काढाय वाकला, तवर अंबूबाई म्होरं आली.

"भावजी, कढत पान्याचं चार आनं."

"शेजाऱ्याकडनं बी, वहिनी?"

अंबूबाईनं तोंड मिटलं, हात म्होरं केला.

नाथाजीनं गावाकडं बघितलं. त्यानं कोपरीच्या खिशातनं चार आनं काढून तिच्या तळहातावर ठिवलं, फेटा नीट केला आन् खाली बसला. सुलाबाईनं पयला तांब्या वतला.