टीसीसाहेबांचा देव

टीसीसाहेबांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि देवाच्या वतीने ते गरजले, "आदाम! कुठे आहेस तू?"

"इथंच आहे साहेब, बेसिनखाली," स्वयंपाकघरातून आवाज आला. "काय केलं मी?"

गळका पाइप बदलायला आलेला, 'कुठे आहेस' एवढंच ऐकलेला प्लंबर होता तो. पाना हातात धरून तो दारापर्यंत आला. टीसीसाहेबांच्या मांडीवरचं उघडं शास्त्र, म्हणजे बायबल, आणि समोर डोळे मिटून बसलेली त्यांची बायको बघून ओशाळला आणि पुन्हा बेसिनखाली शिरला. टीसीसाहेबांना हसू आवरेना. बायको मात्र हसली नाही.

"बघा," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्याने काही केलेलंही नाही, तरी त्याची गाळण उडाली."

टीसीसाहेबांना रेल्वेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांचं हेच नाव चालायचं आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. चौतीस वर्षं त्यांनी डबे पालथे घातले होते. संडासात कडी लावून बसलेले, बर्थखाली आडवे झालेले, झोपेचं सोंग घेऊन घोरणारे, एकेकाला त्यांनी उजेडात आणलं होतं. त्यामुळे शास्त्रातली बागेची गोष्ट त्यांना अगदी घरची वाटे. मना केलेलं फळ खाऊन झाडाआड दडलेला माणूस, आणि सापडल्यावर सगळं बायकोवर ढकलून मोकळा. असली कारणं ऐकून त्यांचे कान किटले होते. देवाने दोघांना बाहेर काढलं आणि दारावर पहारा बसवला, हे त्यांच्या मते पूर्णपणे नियमाला धरून होतं.

बायकोने चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. रोज मशीनवर बसण्याआधी ती एक अध्याय वाचायची, मनातल्या मनात. गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. माणसं, दारं, कपबशा दिसत, अक्षरं दिसत नसत. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा टीसीसाहेब आपण होऊन म्हणाले होते, मी वाचून दाखवीन. जन्मभर गाडीवर राहिलेल्या माणसाला घरात नेमकं काय करायचं ते उमगत नव्हतं, ते एकदाचं सापडलं होतं. सकाळच्या त्या पाऊण तासासाठी ते दाढी करून बसत. या पाऊण तासावर आपला सगळा दिवस उभा आहे, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

म्हणून तिने जेव्हा सहज सांगितलं की उद्यापासून शेजारच्या सिस्टर वाचायला येतील, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"माझ्या वाचण्यात खोट काय आहे?"

"उच्चार चांगले आहेत तुमचे. पण तुम्ही वाचता तो देव कोण आहे, मी ओळखत नाही त्याला."

टीसीसाहेब उसळले. देव म्हणजे देव, त्याने काय गोंजारत विचारायचं? आदाम कुठे लपलाय हे का त्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, ती म्हणाली, मग ओरडायचं कशाला? ठाऊक असलं तरी ओरडायचं असतं, त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. दाराआड माणूस आहे हे माहीत असूनच ते दारावर थाप मारत. तेच म्हणतेय मी, असं ती म्हणाली.

"आणि कपड्यांचं तुम्ही घाईत उरकता," ती पुढे म्हणाली.

"कुठले कपडे?"

"बाहेर काढण्याआधी देवाने त्या दोघांना कपडे करून घातले. कातड्याचे. कातडं शिवणं म्हणजे चेष्टा नाही, बोटं फुटतात. आणि माप घ्यायला माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं. आत्ताच जी दोघं घाबरून पळाली होती, त्यांच्या."

"म्हणजे तुझा देव शिलाई करतो."

"तुमच्या देवाला काळा कोट आहे, त्याचं काय?"

बेसिनखाली प्लंबर खोकला. तेवढ्यावर ते बोलणं मिटलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वेळेवर हजर झाल्या. टीसीसाहेबांनी बूट चढवले, आपण लांब फिरायला जात असल्याचं दोघींनाही बजावून सांगितलं आणि पुढचं दार जोरात लावून घेतलं. मग घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले आणि दाराच्या फटीशी श्वास रोखून उभे राहिले.

सिस्टर सुरेख वाचत. पण तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेल्या बाई त्या. त्यांचा देव बागेत असा आला, की त्याने पाठीमागे इंजेक्शन लपवलेलं आहे हे कोणालाही कळावं. जमिनीला मिळालेला शाप त्यांनी पथ्यपाणी सांगावं तसा सांगितला, आणि माणसाची माती होण्याची गोष्ट दोन दिवसांत बरं वाटेल अशा सुरात. टीसीसाहेबांना गुदगुल्या झाल्या. एवढ्यात बायकोने एक वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं.

ते कपड्यांचं होतं. सिस्टरांनी ते पुन्हा वाचलं. बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं सुई धरल्यासारखी एकमेकांना चिकटली, मांडीवर हलकेच खाली गेली, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. टीसीसाहेब बघतच राहिले. इतके दिवस त्यांची नजर पुस्तकावर असायची. ऐकताना ती काय करते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांची जागाही गेली होती आणि ती का गेली हेही आता दिसत होतं.

सिस्टर पुस्तक मिटून, गोळ्या वेळेवर घ्यायला सांगून गेल्या. घर शांत झालं. बायको जागची हलली नाही. तिने मान तेवढी वळवली, पुढच्या दाराकडे नव्हे, स्वयंपाकघराकडे.

"अहो," तिने हाक मारली. आवाज चढवला नव्हता. "कुठे आहात?"

टीसीसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागचं दार चार पावलांवर होतं. ते तसेच बुटांनिशी बाहेरच्या खोलीत आले.

"काडेपेटी शोधत होतो," ते म्हणाले. "या सिस्टरांमुळे घरात वस्तू जागेवर राहत नाहीत."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"सापडली?" बायकोने विचारलं.

"नाही."

"बरं. या, बसा."

ते बसले. तिने चाचपडत शास्त्र उचललं आणि त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, पान काढलं, चष्मा पुसला आणि तो परत लावायचं ते विसरले. आदामला हाक मारण्याचं वाक्य पाठ होतं.  त्यांनी ते हळूच म्हटलं.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. आवाज तेवढाच होता. या वेळी तिने खुर्ची जवळ ओढून घेतली.