भरल्या दोडक्याचा डबा

लेकीच्या हॉटेलात जेवून आलं की मला घरी येऊन भाकरी खावी लागते. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. ती हसते. पिंपळे सौदागरला मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर वर्षालीचं हे बारा खुर्च्यांचं ‘ओसरी’ आहे. तिथं मेन्यूकार्ड नाही, आपल्याला हवं ते मागायची सोय नाही. नऊ ताटल्या एकामागून एक येतात आणि प्रत्येकीत एक घास, फार तर दोन. वर कोणीतरी येऊन त्या घासाची कुळकथा सांगणार. मी आकुर्डीच्या एका कंपनीत पस्तीस वर्षं प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशिनवर काढली. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हात धुवायचे, जेवायचं, तंबाखू मळायची आणि भोंग्याला मशिनवर हजर. अडीच तास जेवत बसायचं म्हणजे मला शिक्षाच वाटते.

पण लोक महिना महिना आधी नंबर लावतात. पोरीचं नाव झालंय. मला अभिमान वाटतो, उगाच खोटं कशाला बोलू?

माझी बायको सावित्री गेली त्याला सव्वा वर्ष झालं. एका दुपारी वर्षालीनं मला एकट्याला बोलावलं आणि समोर एक ताटली ठेवली. तिच्यात बोटभर लांबीचं भरलेलं दोडकं होतं, वाफाळणारं.

“नव्या मेन्यूतली ही सातवी ताटली,” ती म्हणाली. “आईचा डबा. अकरा वेळा केलं मी. आता तुम्हीच सांगा बाबा, आईचं असंच लागायचं का?”

तिनं मलाच का विचारलं, ते सांगतो. आम्ही संत तुकाराम नगरला दोन खोल्यांत राहायचो. दोडकी आणली की कोवळी कोवळी निवडून सावित्री भरायची आणि ती सगळी माझ्या डब्यात जायची. घरात उरायच्या त्या दोडक्याच्या शिरा. त्या तव्यावर भाजून, तीळ-लसूण घालून त्यांची चटणी व्हायची आणि मायलेकी ती भाकरीबरोबर खायच्या. घरच्या धन्याच्या आधी डबा उष्टा करायचा नाही, असं सावित्रीला तिच्या आईनं शिकवलेलं. त्यामुळं करताना ती चवसुद्धा बघायची नाही. सगळं अंदाजानं.

“हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं होतं,” वर्षाली म्हणाली. “दोडक्यात काय काय घालायचीस गं? तर म्हणाली, हाताला येईल ते. चव तुझ्या बाबांना विचार, त्यांनाच ठाऊक.”

मी घास घेतला. चांगला होता.

“असंच,” मी म्हणालो. “अगदी असंच.”

वर्षालीनं माझा हात धरला आणि ढसाढसा रडली. मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण सावित्रीचं भरलं दोडकं मी जन्मात खाल्लं नव्हतं.

सावित्री माळकरी. घरात अंडंसुद्धा यायचं नाही आणि माझ्या जिभेला तर चटक. माझ्या शेजारच्या प्रेसवर चिमाजी होता, चाकणच्या बाजूच्या गावचा. त्याची बायको गिरजाबाई अंड्याचं कालवण द्यायची, सुकट द्यायची, सगळं झणझणीत. चिमाजीला तिखट सोसायचं नाही, पोटात आग पडायची. लग्नानंतर सावित्री डबा द्यायला लागली, त्या पहिल्याच आठवड्यात आम्ही डबे बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलले. मग एकोणतीस वर्षं कोणी विचारलंसुद्धा नाही. भोंगा झाला की त्याचा डबा माझ्याकडं, माझा त्याच्याकडं. आपली जीभ सांभाळायला मी बायकोचा जीव दुसऱ्याच्या हातात देत होतो, हे तेव्हा मेंदूत शिरलं नाही.

आणि संध्याकाळी सावित्री रिकामा डबा घासता घासता विचारायची, “कसं झालं होतं?” रोज विचारायची. मला वाटायचं, बायकांची सवय. तिला खरंच माहीत नसायचं, हे मला आता कळतंय. मी चिमाजीनं सांगितलेलं घरी सांगायचो. तो म्हणाला, “आज फक्कड,” की मी म्हणायचो, “फक्कड.” तो म्हणाला, “मीठ उणं हाय,” की मी म्हणायचो, “मीठ कमी होतं.” दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असायचं, असं चिमाजी सांगायचा.

खरं सांगायला मला दोन महिने मिळाले होते. सांगितलं नाही. तोवर सातवी ताटली सुरू झाली. माणसं ती खाऊन डोळे पुसायची आणि वर्षाली मला फोनवर सांगायची.

मग माझा सत्तरावा वाढदिवस आला. रविवारी दुपारी ‘ओसरी’त गेलो तर समोरच्या खुर्चीवर चिमाजी, इस्त्रीची टोपी घालून. वर्षालीनंच त्याला शोधून आणलं होतं, मला आनंद व्हावा म्हणून. सहा ताटल्या मी कशा गिळल्या ते मलाच माहीत. त्याला बाजूला घेऊन सांगावं, तर वर्षाली टेबलापासून हलेना.

सातवी आली. “काका, हा आईचा डबा,” ती म्हणाली.

चिमाजीनं घास घेतला. सावकाश चावला. त्या भाबड्या माणसाच्या मनात काही नव्हतं.

“ग्वाड हाय पोरी. पर वहिनींचं न्हाई ह्ये.”

“म्हणजे?”

“वहिनी तीळ न्हाई घालायच्या, कारळं घालायच्या. आन् दोडकं तळाला जरा करपू द्यायच्या. आन् ह्ये ऊन ऊन कशापायी? पहाटं भरल्यालं आमी अकराला खायचो. गार झाल्यावर गूळ त्याच्यात मुरतूय. ऊन असताना त्याला चवच न्हाई.”

वर्षाली हरखून ऐकत होती. मग तिचा चेहरा बदलला.

“काका, तुम्हाला एवढं कसं माहीत?”

चिमाजीनं माझ्याकडं पाहिलं. “ज्योतीराव, सांगितलं न्हाई व्हय तुमी?”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, अंड्याच्या कालवणासकट. वर्षाली ओरडली असती तर बरं झालं असतं.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

“एकोणतीस.”

“आणि आई रोज विचारायची.”

“हो.”

तिनं माझ्यापुढची ताटली उचलली आणि आत गेली. आठवी, नववी दुसऱ्याच मुलीनं आणून ठेवली.

पंधरा दिवस तिचा फोन नाही. मी केला तर उचलेना. चिमाजीकडून कळलं की तो रोज दुपारी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतोय. ती करते, तो चाखतो, मान हलवतो, ती पुन्हा करते. मला राग आला. माझ्या घरातली गोष्ट आणि मीच दाराबाहेर! मग म्हटलं, ज्योतीराव, दाराबाहेर तू एकोणतीस वर्षं होतास.

मंगळवारी ‘ओसरी’ बंद असतं. चिमाजी मला जबरदस्तीनं रिक्षात घालून घेऊन गेला. अकरा वाजले होते. टेबलावर सावित्रीचा जुना स्टीलचा डबा होता, झाकणावर खिळ्यानं माझं नाव कोरलेला. वर्षालीनं तो पहाटे भरून ठेवला होता. झाकण काढून तिनं दोन ताटल्यांत एकेक दोडकं वाढलं. माझ्याकडं बघितलं नाही. पण वाढलं.

चिमाजीनं खाल्लं. मध्येच थांबला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कसं झालंय?” वर्षालीनं विचारलं.

तोच सूर. सावित्रीचाच.

“वहिनींचं हाय,” चिमाजी म्हणाला. वर्षालीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी माझं दोडकं खाल्लं. गार होतं. आधी गूळ लागला, मग कारळ्याचा जरासा कडूपणा, शेवटी करपल्याची चव. एवढं चांगलं मी कधी खाल्लं नव्हतं. माझ्यासाठी हे पहाटे चारला उठून केलेलं असायचं.

“मीठ बरोबर आहे,” मी म्हणालो.

मला कोणी विचारलं नव्हतं.